मी मला पगार सुरू करतो

आमच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, अकरा मिनिटांत काम उरकून सहाशे घेऊन गेला, आणि माझ्या सुरळीत आयुष्याचं वाटोळं व्हायला तिथून सुरुवात झाली. 'वाटोळं' हा शब्द बायकोला मान्य नाही. तिच्या मते 'सुधारणा' म्हणावं. पण सुधारणा होत असताना तिला बँकेत चार खेपा घालाव्या लागल्या नव्हत्या, तेव्हा शब्द निवडण्याचा अधिकार माझा आहे.

अकरा मिनिटं हे मी अंदाजाने सांगत नाही. मी घड्याळाखाली उभा राहून मोजली होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मदत करू का म्हणून विचारलं तर प्लंबर म्हणाला, "साहेब, तेवढं जरा बाजूला व्हा."

यात लाजिरवाणी गोष्ट अशी की मी घरी बसून जे काम करतो ते नळदुरुस्तीचंच आहे. म्हणजे कागदावर. घरगुती वस्तूंबरोबर जी माहितीपुस्तिका येते, जी खोक्यातून काढल्याबरोबर लोक पुन्हा खोक्यात टाकतात, तिच्यातल्या आकृत्या मी काढतो. पाना धरलेला हात, कुठे फिरवायचं ते दाखवणारा बाण, आणि जे मुळीच करू नये त्यावर मारलेली फुली. अकरा वर्षांत मी काही हजार हात काढले असतील. आमच्याकडचा हाच नळ आठ पायऱ्यांत कसा उघडायचा याचं पानही माझंच. मोठ्या अभिमानाने मी ते प्लंबरला आणून दाखवलं. त्याने ओल्या हातात धरून ते नीट पाहिलं, "छान आहे, पण पाचवी पायरी कुणी करत नाही," म्हणाला, आणि फरशी गार लागत होती म्हणून ते गुडघ्याखाली घेतलं.

संध्याकाळी बायको कामावरून आली. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये असते. तिला मी सगळं रंगवून सांगितलं. ती हसेल अशी अपेक्षा होती. तिने विचारलं, "त्या पानाचे तुला किती मिळाले होते?"

"सातशे."

"आणि वेळ किती लागला होता?"

"लागला थोडा."

"थोडा म्हणजे?"

"एक दिवस. म्हणजे पूर्ण दिवस नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या आल्या, त्या धरल्या तर पूर्ण."

ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्या न बोलण्याचे प्रकार मला ओळखता येतात. हा आकडेमोडीचा होता.

"तुझा पगार किती आहे?" तिने विचारलं.

"मला कुठला पगार? मी स्वतंत्र आहे."

"स्वतंत्र आहेस म्हणजे काय, ते मी सांगते. पैसे एका खात्यात येतात. त्यातून वीजबिल, किराणा, तुझे कागद, तुझ्या खुर्चीचं मोडलेलं चाक, सगळं जातं. उरलं तर म्हणतोस, 'बरं चाललंय.' नाही उरलं तर माझ्याकडे बघतोस. तुझ्याकडे नोकरीला मी असते ना, तर केव्हाच सोडून गेले असते."

मला ते लागलं. रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या एक तारखेपासून मी स्वतःला रीतसर, योग्य तो पगार देणार. कामाचे पैसे एका खात्यात येतील, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून ठरलेला पगार घरच्या खात्यात जाईल. दोन खाती, एक आकडा, महिन्यातून एकदा बटण दाबायचं. माणूस कागदावर किती सोपं चित्र काढतो बघा.

चूक झाली ती ही की मी हे नियमकाकांना सांगितलं.

नियमकाका आमचे शेजारी. एका मोठ्या कारखान्याच्या पगार विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. हजारो माणसांचे पगार त्यांच्या हाताखालून गेले, आणि निवृत्तीनंतर हातांना काम उरलं नाही. जिन्यातले दिवे किती वाजता लागतात याचा तक्ता करून ते दिवस काढत होते. मी पगार हा शब्द उच्चारला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पाहून मला माघार घेणं जमेना.

"किती देणार?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस हजार म्हणतोय."

"कशावरून?"

"गोल आकडा आहे."

काकांनी डोळे मिटले. "अरे, पगार म्हणजे काय वाढदिवसाचं पाकीट आहे? तास किती भरतात, खर्च किती जातो, त्याच कामाला बाहेर काय मिळतं, आजारपणाचं काय, रजेचं काय! आधी हजेरी. एक महिना हजेरी धरल्याशिवाय आकडा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काका लांबडी वही, पट्टी आणि स्वतःची खुर्ची घेऊन हजर. खुर्ची माझ्या टेबलापासून चार हातांवर, दाराशी. मी कामाला बसलो की ते 'का' लिहीत. फोन घेतला की 'फो'. उठून खिडकीशी गेलो की 'खि'. या 'खि'वरून आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं.

"काका, मी खिडकीतून बघतो तेव्हा कामच चाललेलं असतं. बाण कुठून काढायचा याचा विचार करतो मी."

"आमच्याकडे विचार करणाऱ्यांचे पैसे कापायचो," काका म्हणाले. पण माणूस न्यायी. दोन दिवस मला खिडकीशी निरखून त्यांनी निवाडा दिला. कपाळाला आठ्या असल्या तर काम, नसल्या तर खिडकी. तेव्हापासून मी खिडकीशी जाताना आठ्या घालून जाऊ लागलो. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी ते पाहून बायकोला विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना? नोकरी बघा म्हणावं त्यांना. घरी बसून माणूस असाच होतो."

याच बाईंचं, आणि खरं तर साऱ्या इमारतीचं, एक खातं काकांच्या वहीत आपोआप उघडलं गेलं. 'पा'. म्हणजे पार्सल. मी घरी असतो, आणि घरी असणारा माणूस मोकळाच असतो असा सर्वांचा समज असल्यामुळे तिन्ही मजल्यांची पार्सलं, किल्ल्या आणि एकदा तर एक शिवणयंत्र माझ्याकडे ठेवलं जाई. महिनाअखेर काकांनी बेरीज केली. मी नऊ तास नुसता लोकांची पार्सलं घेण्यात आणि "नाही, आल्या नाहीत अजून बाई" असं सांगण्यात घालवले होते. काकांनी जिन्यात सूचना लावली की यापुढे सकाळी नऊ ते पाच या वेळेत मी 'कामावर' असेन. लोकांना राग आला. सूचनेखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "कुठे?"

त्याला दोन शब्दांत उत्तर मला देता आलं असतं, पण मी कामावर होतो.

महिन्याचा हिशेब मात्र पाहण्यासारखा निघाला. काकांनी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडला. मी आणि बायको शाळेच्या निकालाला बसतात तसे समोर. महिन्यात पानं अठ्ठावीस. पानामागे सात तास. सातातले तीन तास दुरुस्त्यांचे. "बोट जरा डावीकडे घ्या." "नको, होतं तसंच करा." "हात थोडा प्रसन्न दिसू द्या." खर्च वजा जाता मला तासाला साधारण ऐंशी पडत होते. काकांच्या मते, या कामाला, या अनुभवाला, या शहरात एकशे पंचाहत्तरच्या खाली देणं म्हणजे पिळवणूक.

"अकरा वर्षं," काका म्हणाले. "आणि एकदाही पगारवाढ नाही. आमच्या कारखान्यात असं झालं असतं तर दरवाजे बंद झाले असते."

मला काय वाटलं हे नीट सांगता यायचं नाही. मी काम चांगलं करतो हे मला ठाऊक होतं. ते मी इतक्या स्वस्तात करतो हे इतरांना ठाऊक होतं, आणि मला नव्हतं. बायकोने टेबलाखालून माझा हात दाबला. काकांना ते दिसलं, पण त्याची त्यांनी कुठे नोंद केली नाही.

इथून पुढे बँक.

कामाच्या खात्यासाठी मी बँकेत गेलो. खिडकीमागच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला. "हे पगाराचं आहे ना? मग मालकाचं पत्र लागेल."

"मालक मीच आहे."

"बरं. आणि कर्मचारी?"

"मीच."

त्यांनी अर्ज खाली ठेवला. त्यांच्यापुढे दिवसभरात नाना तऱ्हेची माणसं येत असणार, हे त्यांच्या शांतपणावरून कळत होतं. "कधीपासून काम करता यांच्याकडे?" अर्जात तो रकाना होता.

"अकरा वर्षं."

"सध्याचा पगार?"

"अजून सुरू झालेला नाही."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनीही हळहळून मान हलवली. "पत्र आणा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "व्यवसायाच्या नावाचा शिक्का मारून."

व्यवसायाला नाव नव्हतं. काकांनी 'तांत्रिक आकृत्या' असं सुचवलं. साधं आणि सरळ. मी शिक्केवाल्याकडे गेलो, चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, आणि दोन दिवसांनी शिक्का घेऊन आलो. रबरावरची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे तो वाचायच्या भानगडीत मी पडलो नाही. घाईत पत्रावर शिक्का मारला, सही केली, घडी घातली, बँकेत दिलं. बाईंनी शिक्क्यावरचं नाव जसंच्या तसं उतरवून घेतलं. खातं उघडलं. मी कंपनीला नव्या खात्याचा नंबर कळवला आणि बायकोसाठी पेढे घ्यावेसे वाटले तरी न घेताच घरी आलो, कारण पगार अजून व्हायचा होता.

आठ दिवसांनी कंपनीच्या हिशेब खात्यातून फोन आला. "तुमचे या महिन्याचे पैसे परत आले. खातं दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे."

"शक्य नाही. तांत्रिक आकृत्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. "इथे बँकेने 'तांत्रिक विकृत्या' कळवलंय."

मी शिक्का शोधून काढला, पांढऱ्या कागदावर मारला आणि खुर्चीत बसलो. मग शिक्केवाल्याकडे गेलो, तर त्याने चिठ्ठी जपून ठेवली होती. त्याने ती मला दाखवली आणि माझंच अक्षर माझ्यासमोर धरलं. चित्रकाराचं अक्षर सुंदर असतं हा लोकांचा गैरसमज आहे. "मलाही जरा वेगळं वाटलं," तो म्हणाला, "पण म्हटलं, आजकाल कशाचाही धंदा करतात."

बँकेतल्या बाईंनी सांगितलं की नाव बदलायला प्रतिज्ञापत्र लागेल. वकिलासमोर उभं राहून मी शपथेवर लिहून दिलं की विकृत्या आणि आकृत्या या एकच असून त्या मीच आहे. वकिलाने ते मोठ्याने वाचून घेतलं. तशी पद्धत आहे म्हणे.

हे सगळं आता हसण्यावारी नेता येतं, पण त्या महिन्यात आमच्या घरात माझ्याकडून काहीच आलं नाही. स्वतःला योग्य पगार द्यायला निघालेला माणूस शून्यावर आला होता. बायकोच्या एकटीच्या पगारावर महिना ओढला. किराणा घेताना यादीतली दोन नावं तिने खोडलेली मी पाहिली, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं.

बँकेचं दुरुस्तीचं पत्र कंपनीत हातोहात द्यायला हवं होतं. काका म्हणाले, "जातोच आहेस तर दराचंही बोल."

"काका, पैसे अडकलेत. अशा वेळी दर?"

"मागायची चांगली वेळ कधी येतच नाही. चौतीस वर्षं बघतोय." त्यांनी हजेरीची वही माझ्या पिशवीत घातली. ती वही ते कुणाच्या हाती देत नसत.

कंपनीची कचेरी मी अकरा वर्षांत दोनदा पाहिली होती. काचेची दारं, प्रत्येक टेबलावर एक झाड. पुस्तिका विभागाच्या प्रमुख, ज्यांना तिथे सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्यांच्यासमोर मी बसलो. वयाने त्या माझ्यापेक्षा लहान. त्यांच्या टेबलावर शेगडीची पुस्तिका उघडी होती आणि तिच्यात माझाच एक हात खटका फिरवत होता. ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, ओठ घट्ट मिटले, आणि खिडकीबाहेर पाहिलं. हसू आवरून झाल्यावर म्हणाल्या, "बरं, आणखी काही?"

"दर," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो, "पानाचा दर. सातशे परवडत नाही. अकराशे हवेत."

"अकराशे होणार नाहीत. सातशे सत्तर करू. तेही मला वर विचारावं लागेल."

माझ्या आतला जो माणूस अकरा वर्षं लगेच 'चालेल' म्हणत आला होता, त्याने तोंड उघडलं. मी त्याच्याआधी म्हणालो, "नाही."

मॅडमनी वर पाहिलं. मीही दचकलोच होतो. आता पुढे काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी पिशवीतून काकांची वही काढून त्यांच्यापुढे उघडली.

त्यांनी ती वाचायला सुरुवात केली. एक पान, दुसरं पान. "हे 'खि' काय आहे?"

"खिडकी. ते सोडा. 'दु' बघा."

"दु म्हणजे?"

"दुरुस्त्या."

त्यांनी रकान्यावरून बोट खाली नेलं. "एका पानाला सात तास? आम्हाला वाटायचं दोन-तीन लागत असतील."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. वस्तुस्थिती होती. "आणि या एका पानाला अकरा दुरुस्त्या? कोण करायला सांगतं एवढ्या?"

"रोज वेगळं कुणीतरी. विक्रीवाले म्हणाले हात प्रसन्न करा. मग कायदेवाले म्हणाले फार प्रसन्न दिसतो, जबाबदारीने पकडल्यासारखा करा."

मॅडमनी पानात बोट ठेवून वही मिटली. मग त्यांनी फोन उचलला आणि कुणालातरी वर विचारलं. मी झाडाकडे बघत बसलो. ते प्लास्टिकचं निघालं. शेवटी ठरलं ते असं: पानाला साडेनऊशे. पहिली दुरुस्ती त्यातच. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे दीडशे, आणि ते ज्या विभागाने सांगितली त्याच्या नावावर पडणार.

"अकराशे नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीत," मी म्हणालो. "पण चालेल." या वेळचं 'चालेल' मी विचार करून म्हणालो होतो. उठताना त्यांनी वही परत दिली आणि विचारलं, "ही कुणी लिहिली? असा माणूस आम्हाला हवा होता." हे मी काकांना सांगितलं, तेव्हा ते पाच मिनिटं चष्मा पुसत होते.

दुरुस्त्यांचं पुढे काय झालं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. नव्या दरानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या जवळजवळ थांबल्या. दीडशे आपल्या नावावर पडणार म्हटल्यावर विक्रीवाल्यांना आणि कायदेवाल्यांनाही माझे हात होते तसे आवडू लागले. पानामागे सातांचे पाच तास झाले. काकांनी नवा हिशेब मांडला. महिन्याला चोवीस हजार. तासाला एकशे एकाहत्तर.

"चार कमी आहेत," काका म्हणाले.

"असू देत, काका."

"असू दे काय? पुढच्या वर्षी वाढ मागायची. मी अर्ज करून ठेवतो." आणि त्यांनी खरंच केला.

एक तारखेला सकाळी साडेदहाला मी कामाच्या खात्यातून घरच्या खात्यात चोवीस हजार पाठवले. मिनिटभरात फोन वाजला. 'पगार जमा.' बँकेने तसा शब्दच छापला होता. मी तो दोनदा वाचला. मग बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. कुणाच्यातरी दंडात सुई असणार. घरी बसवेना. कामाची वेळ होती, पण मी काकांकडे रीतसर अर्ध्या दिवसाची रजा मागितली, त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि मी चालत लॅबवर गेलो.

बाकांवर बरीच माणसं हात दुमडून कापूस दाबून बसली होती. काचेपलीकडून बायकोने मला पाहिलं आणि हातमोजे न काढता तशीच बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"काय झालं? बँक का पुन्हा?"

"पगार झाला," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. मग हसली, सगळ्यांदेखत, आणि हातमोज्याच्या पाठीने डोळा पुसून आत गेली, कारण पुढच्या माणसाचा नंबर आला होता. मी बाकावर जागा बघून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळं ऐकलं होतं. कापूस दाबत ते माझ्याकडे वळले.

"किती आहे पगार?"

हा प्रश्न मला अकरा वर्षांत लग्नघरी, रांगेत, जिन्यात, सगळीकडे विचारला गेलाय. आणि मी दरवेळी "कामावर असतं", "कमी-जास्त होतं", "तसं बरं चाललंय" असलं काहीतरी पुटपुटून पंख्याकडे बघितलंय.

"चोवीस हजार," मी म्हणालो.

त्यांनी आकडा मनात घोळवला. माझ्या चपलांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला.

"बरा आहे की," ते म्हणाले.